कल्याणची लेक : डॉ. आनंदीबाई जोशी



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला बरे गुण मिळाले असतील तर तो सायन्सला जाणार, हे जवळजवळ ठरलेलेच असते. मुलीला त्याहून चांगले गुण मिळाले तरी तिच्याविषयी मात्र दहा प्रश्न उभे राहतात. सायन्सचा अभ्यास कठीण, खर्च जास्त, प्रॅक्टिकल संपवून घरी यायला उशीर होणार, गाडीला गर्दी, आणि एवढे करून शेवटी लग्नच करून द्यायचे आहे! मग गणितात पंचाण्णव गुण मिळविलेली मुलगी मुकाट्याने दुसरीकडे अर्ज भरते, किंवा शिक्षणच सोडून देते.

आईवडिलांची ही काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु काळजी वाटणे निराळे आणि काळजीपोटी मुलीची वाट बंद करणे निराळे. या बाबतीत कोरडा उपदेश करण्याऐवजी आम्ही तुम्हांला एका मुलीची जीवनकथा सांगणार आहोत. ती मुलगी दूरदेशची नव्हे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी अशी स्टेशने मागे टाकीत आपली गाडी ज्या कल्याणला पोहोचते, त्या कल्याणची ती लेक. तिचे नाव डॉ. आनंदीबाई जोशी. ती आपल्या धर्माची नव्हती, पण चांगली गोष्ट जेथून मिळेल तेथून घ्यावी. शिवाय तिच्यापुढे जे प्रश्न उभे राहिले, तेच आज आपल्या घरांतून विचारले जातात.

बालपण आणि विवाह

३१ मार्च १८६५ रोजी तिचा जन्म झाला. त्या काळी आपले उल्हासनगर अस्तित्वातही नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी वसली, फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे त्या बराकींतून राहिली, आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. कल्याण मात्र प्राचीन बंदराचे गाव. तेथे १८५४ सालीच आगगाडी येऊन पोहोचली होती. आगगाडी आली, पण मुलींच्या शिक्षणाचा वारा अजून तेथवर आला नव्हता. जोश्यांचे घराणे एके काळचे सुखवस्तू, पुढे परिस्थिती उतरलेली. मुलीचे माहेरचे नाव यमुना.

वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचे लग्न झाले. नवरदेव गोपाळराव जोशी हे पोस्टात कारकून होते. ते विधुर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. योगायोग असा की, त्याच १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन केली. शिक्षणावाचून समाजाला तरणोपाय नाही, हा विचार त्या वेळी निरनिराळ्या समाजांतील दूरदृष्टीच्या माणसांना एकाच सुमारास पटू लागला होता.

गोपाळराव स्वभावाने विक्षिप्त आणि हट्टी होते. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. बदली जेथे होईल तेथे ते आनंदीला बरोबर नेत आणि तिच्याकडून अभ्यास करून घेत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असा त्यांचा संसार फिरत राहिला. इतर नवरे बायको पुस्तक वाचताना दिसली तर रागावत. गोपाळराव तिने अभ्यास सोडून स्वयंपाकघरात वेळ घालविला तर रागावत, प्रसंगी मारहाणही करीत. हे वर्तन मुळीच योग्य नव्हते, आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. धाकाने विद्या येत नाही. ती आली ती त्या मुलीच्या स्वतःच्या बुद्धीमुळे आणि चिकाटीमुळे. पण एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिने शिकावे असे मनापासून वाटणारे एक माणूस घरात होते. कितीतरी हुशार मुलींच्या घरी तेवढेही नसते.

मुंबईत आनंदी मिशनच्या शाळेत जाऊ लागली. हातात पुस्तके घेऊन रस्त्याने चालणारी विवाहित मुलगी हे लोकांना मोठे नवल वाटे. तिच्याकडे बोट दाखवून हसणारे होते, टोमणे मारणारे होते. आनंदीने मान खाली घालून तो रस्ता रोज तुडविला, पण शाळा सोडली नाही.

दहा दिवसांचे बाळ

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो फक्त दहा दिवस जगला. योग्य औषधोपचार मिळाला नाही, आणि बाळ हातचे गेले.

पालकहो, येथे क्षणभर थांबून त्या काळची परिस्थिती लक्षात घ्या. डॉक्टर होते, पण ते पुरुष. कुलीन घरातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे म्हणजे मोठी नामुष्की समजत. पडद्याआडून हात पुढे करायचा, दुसऱ्याच्या तोंडून लक्षणे सांगायची, आणि डॉक्टरने अंदाजाने औषध द्यायचे! बाळंतपणात अडलेली बाई सुईणीच्या हाती. ती सुईण अनुभवी असली तर ठीक, नाही तर नशीब. हिंदू घरांतून हे होते, मुसलमान घरांतूनही होते. लाजेपायी आणि लेडी डॉक्टर नाही म्हणून किती आया आणि किती बाळे गेली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

चौदा वर्षांच्या त्या आईने आपल्या दुःखातून एक निश्चय केला. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे. दुसरी कोणी होईल याची वाट पाहत बसायचे नाही.

सातासमुद्रापलीकडून आलेले पत्र

१८७८ च्या सुमारास गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. मिशनऱ्याचे उत्तर निराशाजनक आले. धर्म बदलण्याची तयारी असेल तर पाहू, असा त्याचा रोख होता. जोशी पतिपत्नींनी ते मान्य केले नाही. परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती ते मासिक पडले. दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांनी ते सहज चाळले. हिंदुस्थानातील एक मुलगी शिकू इच्छिते आणि तिला कोणी हात देत नाही, हे वाचून त्यांचे मन कळवळले. १८८० साली त्यांनी आनंदीला पत्र लिहिले, आणि त्यातून मायलेकींसारखा स्नेह जडला. आनंदी त्यांना मावशी मानू लागली.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. आनंदीची प्रकृती वरचेवर बिघडत होती. तरीही तिने अमेरिकेला जाऊन वैद्यकी शिकण्याचा बेत पक्का केला, आणि तोही एकटीने! गोपाळरावांवर म्हातारी आई आणि धाकटे भाऊ यांचा भार होता, दोघांच्या प्रवासाइतका पैसाही नव्हता. ही बातमी फुटताच चोहोकडून टीकेचा भडिमार झाला. सनातनी म्हणू लागले की ही धर्म बुडविणार. काही मिशनरी मंडळींचे म्हणणे की आधी धर्म बदलावा, मग जावे. सतरा वर्षांची मुलगी दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात तिने लोकांसमोर उभे राहून भाषण केले. लोक जे प्रश्न मागे कुजबुजत होते, तेच तिने स्वतः एकेक करून मांडले आणि त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेलाच का जायचे? एकटीनेच का? परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय? जे आजवर कोणा बाईने केले नाही ते हिनेच का करावे? तिच्या सांगण्याचे सार असे की, या देशाला स्त्री डॉक्टरांची अत्यंत गरज आहे आणि ते काम आपण अंगावर घेत आहोत. आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहू. पोशाख, आहार, धर्म यांपैकी काहीही बदलणार नाही, आणि जशा जाऊ तशाच परत येऊ.

त्या भाषणाची बातमी सर्वत्र पोहोचली आणि मदतही येऊ लागली. अंगावरील सोन्याच्या बांगड्या विकून आनंदीबाईंनी प्रवासाची तरतूद केली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. तेथे कार्पेंटर मावशी त्यांना न्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाचे कॉलेज

फिलाडेल्फिया शहरात १८५० साली केवळ स्त्रियांसाठी एक मेडिकल कॉलेज निघाले होते. कारण उघड होते. अमेरिकेतही पुरुषांची कॉलेजे बायकांना आत घेण्यास नाखूष होती. प्रगत म्हणविणाऱ्या देशांतील बायकांनाही विज्ञानाचे दार सहजासहजी उघडले गेले नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

या कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. एक बाई रसायनशास्त्र शिकविते, सगळे कॉलेज चालविते, आणि दुसरी बाई हजारो मैलांवरून तेथे शिकायला येते, हे दृश्य त्या काळी किती अपूर्व असेल! बॉडली बाईंनी आनंदीबाईंना केवळ प्रवेश दिला नाही, तर शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि त्यांची पाठराखण केली.

आनंदीबाईंना शाळेचे सलग शिक्षण असे फारसे मिळालेच नव्हते. बदलीच्या गावी मिळेल तेवढी शाळा, आणि उरलेला अभ्यास घरी. असे असता त्यांना शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, औषधिशास्त्र, प्रसूतिशास्त्र हे विषय परक्या भाषेत शिकायचे होते. प्रेताची चिरफाड करून अभ्यास करावा लागे. थंडी इतकी की आपल्या कोकण-ठाण्याच्या माणसाला कल्पना करवणार नाही. त्या थंडीत लुगडे नेसून वावरायचे, खोली नीट उबदार नाही, आणि मांसाहार वर्ज्य असल्याने खाण्याचे हाल. शरीर आधीच नाजूक होते, ते आणखी खंगत गेले. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. वेश, आहार आणि श्रद्धा यांपैकी त्यांनी काहीही सोडले नाही.

१० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे त्या कॉलेजमधील एक छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. लुगड्यातील आनंदीबाई, जपानी किमोनोतील केइ ओकामी, आणि सीरिया देशातील दमास्कस शहराहून आलेल्या साबात इस्लामबुली. तीन देश, तीन भाषा, तीन धर्म, पण विद्या एकच. शिक्षण घेतले की मुलगी आपले वळण सोडते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे चित्र एकदा अवश्य पाहावे. या तिघींनी आपला पोशाख गावी ठेवला नाही, तो अंगावर घेऊनच त्या विज्ञानाच्या वर्गात बसल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ज्या दुःखातून निश्चय केला, त्याच विषयाचा त्यांनी अभ्यास केला. पदवीदान समारंभाला गोपाळराव आले होते आणि पंडिता रमाबाईही हजर होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेऊन परतणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. त्याच १८८६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या.

परतणे आणि अखेर

कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांचा विभाग आनंदीबाईंच्या हाती सोपविण्याचे ठरविले. म्हणजे शिकून काय करणार, या प्रश्नाचे उत्तर त्या मायदेशी पोहोचण्याआधीच तयार होते. पण त्यांना क्षयाने ग्रासले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या त्या आजारीच. पुढे पुण्यात उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. बावीस वर्षे पूर्ण व्हायला अजून महिनाभर अवकाश होता. एकाही रुग्ण स्त्रीला त्या वॉर्डात तपासण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेत पाठविण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

कोणी म्हणेल, पाहा, एवढे शिकून काय मिळाले? जीवच गेला ना! बंधूंनो, हा हिशेब चुकीचा आहे. आनंदीबाईंचा जीव शिक्षणाने घेतला नाही. तो क्षयाने घेतला, आणि त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. क्षयाचे जंतू जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या अवघे एक वर्ष आधी, शोधून काढले. त्यांवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती यायला १९४३ साल उजाडले. आज वेळेवर निदान झाले आणि औषधाचा क्रम पुरा केला, तर क्षय बरा होतो. ही किमया कोणी केली? प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपणाऱ्या माणसांनी. ज्या विज्ञानाचा आनंदीबाईंनी ध्यास घेतला, त्याच विज्ञानाने पुढे असंख्य आनंदींचे प्राण वाचविले.

त्यांच्या आयुष्यातून दुसराही एक धडा आहे, तो विशेषेकरून अम्मी-अब्बांसाठी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, सततची आजारपणे, परमुलखात पोटाचे हाल. इतका भार त्या कोवळ्या शरीरावर पडला होता. मुलीला शिकवायचे तर तिच्या ताटात काय पडते, तिला झोप किती मिळते, लग्नाची घाई कशासाठी चालली आहे, याचाही विचार झाला पाहिजे. घरातील सारे काम उरकून रात्री अकराला पुस्तक उघडणारी मुलगी भौतिकशास्त्रात मागे पडली, तर तो तिच्या डोक्याचा दोष नव्हे.

त्यांच्या मागून आलेल्या

एका मुलीने पायवाट पाडली की मागच्यांना रस्ता सापडतो. आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्याच १८८३ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना दार उघडले. १८८६ साली मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले आणि तेथे स्त्री डॉक्टर काम करू लागल्या. मुंबईच्याच रखमाबाईंनी बालविवाहाच्या बंधनाविरुद्ध कोर्टात झगडा दिला, लंडनला जाऊन शिक्षण घेतले, १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची सेवा केली. जे काम आनंदीबाईंच्या हातून राहिले, ते त्यांनी पुरे केले.

वैद्यकापलीकडे पाहायचे तर कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी यांचे उदाहरण आहे. १९३३ साली मुंबईच्या बी.एस्सी. परीक्षेत चमकलेल्या या मुलीला बंगलोरच्या विज्ञानसंस्थेने केवळ ती मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. संस्थेचे प्रमुख होते साक्षात सर सी. व्ही. रामन! कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून त्यांना घेतले गेले, आणि त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. आपल्या ताटातील डाळी, दूध आणि नीरा यांतील पोषक द्रव्यांवर त्यांनी संशोधन केले. हाही शेवटी घरचाच विषय, नाही का?

आता आपल्याविषयी

पालकहो, आता थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी द्या. आपल्या घरातील बाई आजारी पडली की आपण प्रथम विचारतो, लेडी डॉक्टर आहे का? सोनोग्राफीला बाई आहे का? इंजेक्शन द्यायला नर्स आहे का? हे विचारण्यात काहीच गैर नाही. पण ती लेडी डॉक्टर, ती सोनोग्राफी करणारी बाई, ती नर्स आकाशातून पडत नाही. कोणीतरी बाप आपल्या मुलीला अकरावी सायन्सला घालतो, कोणीतरी आई तिचा डबा भरून तिला सकाळच्या गाडीला पाठविते, तेव्हा ती तयार होते. दुसऱ्याच्या मुलीने शिकावे आणि आपल्या बायकांना तपासावे, आपली मुलगी मात्र घरी राहावी, हा न्याय कोठला? ज्या समाजाला हया आणि पडदा प्रिय आहे, त्या समाजाला तर लेडी डॉक्टरांची गरज इतरांहून अधिक आहे. इल्म मिळविणे हे फर्ज आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात मुलगा-मुलगी असा भेद आपणच केला आहे.

सर्व मुलींनी डॉक्टरच व्हावे असेही नाही. आपण राहतो तो भागच पाहा. अंबरनाथ आणि बदलापूर येथे रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत. तेथे मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा असतात, आणि तेथे बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेली मुलगी काम करू शकते. औषधनिर्माण म्हणजे फार्मसी, रक्त-लघवी तपासणारी लॅब, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, नर्सिंग असे कितीतरी मार्ग आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करता येतो, आणि तो झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. उल्हासनगरचे चांदीबाई कॉलेज किंवा कल्याणचे बिर्ला कॉलेज ही काही फिलाडेल्फिया नव्हे! आनंदीबाईंना जायला जवळजवळ दोन महिने लागले होते. आपल्या मुलीला लोकलच्या लेडीज डब्यातून काही मिनिटे लागतात.

पैशाची अडचण खरी आहे. पण अर्ज न करताच हात झटकणे बरे नव्हे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल इत्यादी गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. आपल्यातील बऱ्याच बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात. तेव्हा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला हे कागद निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा, आणि प्रवेश घेताना कॉलेजात नियमांची नीट चौकशी करा. कित्येकदा मुलगी हुशार असते, सवलतही असते, पण एका दाखल्यापायी वर्ष वाया जाते.

विद्यार्थिनींनो, तुम्हांलाही दोन शब्द. सायन्स कठीण आहे, हे खरे. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. पहिल्या चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून शाखा बदलू नका. शंका असेल तर वर्गात विचारा, लाजू नका. मैत्रिणी मिळून अभ्यास करा, मिळून गाडीने जा, म्हणजे घरच्यांनाही धीर येईल. घरात वाद घालून नव्हे, तर वागणुकीने आणि निकालाने आईवडिलांचा विश्वास मिळवा. आणि ज्या मोठ्या आपा शिकून पुढे गेल्या असतील त्यांनी आपल्या मोहल्ल्यातील दोन मुलींना हात द्यावा. एक कार्पेंटर मावशी भेटली म्हणून आनंदीची डॉ. आनंदीबाई झाली. आपल्या मोहल्ल्यात अशी मावशी, अशी खाला व्हायला अमेरिकेला जावे लागत नाही. संध्याकाळी तासभर गणित समजावून सांगितले तरी पुरे.

आनंदीबाईंच्या हातून एकही रुग्ण बरा झाला नाही, तरी त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. कारण हाती घेतलेला अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला नाही. त्यांना आयुष्याने वेळ दिला नाही. आपल्या मुलींना वेळ आहे, कॉलेज आहे, औषध आहे, सवलत आहे. कमी असेल तर ती फक्त आपल्या होकाराची. तो होकार या वर्षी आपल्या घरातून मिळो, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याच वस्तीतील दवाखान्यावर आपल्याच मुलीच्या नावाची पाटी लागो, हीच परवरदिगाराकडे प्रार्थना.